पोरवयातले मातृत्व

हिंगोली जिल्हा वयाने कोवळा. १ मे १९९९ रोजी तो परभणीपासून वेगळा झाला. पण या मुलखापुढचा एक प्रश्न जुनाच आहे. स्वतः पोर असलेल्या मुलीच्या मांडीवर मूल का येते? चार जण म्हणतात, अज्ञानाने. मला हे उत्तर अपुरे वाटते.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. मूल दहा दिवसच जगले. त्या दुःखातूनच वैद्यक शिकण्याची जिद्द उपजली आणि १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांचे घर काही निरक्षर नव्हते. नुसत्या अक्षरओळखीने ही रूढी मोडत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

मग कायदा? १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा पुण्यात केवढे रान उठले! पुढे १९२९ चा सारडा कायदा आला. त्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले. तो ब्रिटिश हिंदुस्थानाचा कायदा. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. ते राज्य १९४८ साली संपले. लग्नाचे वय १९४९ साली पंधरा आणि १९७८ साली अठरा झाले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीपासून चोविशीपर्यंतच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शेकडा २२, तर शेजारच्या परभणीत ४८ निघाल्या.

याचे मूळ मला पोटापाण्यात दिसते. दिवाळी सरते न सरते तोच मराठवाड्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. तिथे नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मिळते ती जोडीला. मुलाला कोयता हवा, म्हणून बायको हवी. इकडे वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? गावची शाळा सातवीला संपली, तर पुढची लांब. मुलीचे वय वाढले की हुंड्याचा आकडाही वाढतो. त्यात पाऊस रुसला, की बापाला लग्न हाच आसरा वाटतो. २०२० साली महामारीने शाळांना कुलूप लागले, तेव्हा मुलीला घरी थोपवून धरणारा एक मोठा आधार गेला. आणि एकदा लग्न झाले, की वर्षाच्या आत पाळण्याची चौकशी सुरू होते.

किंमत मात्र ती एकटी मोजते. कंबरेची हाडे पुरती भरलेली नसतात, अंगात रक्त कमी. बाळंतपण अवघड होते, मूल कमी वजनाचे जन्मते.

म्हणून बापाला नुसते दोषी ठरवून भागणार नाही. मुलीला दहावीपर्यंत नेणारी एसटी, आईबाप ऊसतोडीला गेले असता तिला सांभाळणारे हंगामी वसतिगृह, आणि सुनेला वर्ष-दोन वर्षे पाळण्याविषयी न विचारणारी सासू, एवढे जुळले तर कायद्याचे काम निम्मे होईल. यातले शेवटचे तर तुमच्या-माझ्या घरातच आहे.