शिकवायला सोपी शस्त्रक्रिया

आजचा विषय आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलला जातो. ‘अंग बाहेर येतं’ एवढंच म्हणतात, तेही फार तर आईने लेकीला सांगायचं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची आणि तंतूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, मलाशय तिने पेललेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणते, कधी फाटते. मग गर्भाशय खाली सरकतं, खोकलं की लघवी निसटते. यावरचे उपचार डॉक्टर एकमेकांकडून कसे शिकत आले, तो इतिहास मला आज सांगायचा आहे. पदवी हातात पडल्यावर डॉक्टरला कोण शिकवतं, हा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही.

सुरुवात मँचेस्टरपासून करू. तिथे १८८८ साली आर्किबाल्ड डोनाल्ड यांनी खाली आलेलं गर्भाशय न काढता वर बसवण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे फोदरगिल यांनी तिच्यात बदल केले. शहराच्याच नावाने ती जगभर गेली. पण तिच्यात गर्भाशयाचं तोंड कापावं लागे. मुलंबाळं होऊन गेलेल्या बाईला ते चालून जाई. आपल्याकडे मात्र कोवळ्या वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, आणि बाळंतिणीची कंबर सावरायच्या आत डोक्यावर हंडा. त्यामुळे विशी-तिशीतल्या बायका हे दुखणं घेऊन येत, आणि त्यांतल्या कितीतरींना अजून मूल हवं असे. तोंड कापलेल्या गर्भाशयात पुढचं मूल टिकण्याची खात्री कमी. म्हणजे पुस्तक बरोबर होतं, पण ते वेगळ्या बाईसाठी लिहिलेलं होतं.

हा गुंता मुंबईत सुटला. गोव्याच्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ साली इंग्लंडची एफआरसीएस झाले, आणि मुंबईतच शिकवू लागले. जग त्यांना गर्भ टिकवणाऱ्या टाक्यासाठी ओळखतं. तो १९५५ सालचा. त्यांची दुसरी शस्त्रक्रिया मला तितकीच मोलाची वाटते. गर्भाशयाला मागून धरणारे तंतू सैल झाले असतील तर त्याच जागी नवे द्यावेत, असा त्यांचा साधा विचार होता. त्यासाठी त्यांनी मांडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या चिवट पडद्याची पट्टी घेतली, पुढच्या काळात कृत्रिम धाग्याची फीत आली. तिचं एक टोक गर्भाशयाच्या मानेला मागून, दुसरं कण्याच्या तळाच्या त्रिकास्थीला. शरीराची मूळ रचना जशी, तशीच ही डागडुजी.

फक्त ती करायला अवघड. डावीकडे मोठं आतडं आडवं येतं, मूत्रवाहिनी हाताशीच असते. बघून बघून, गुरूशेजारी उभं राहूनच ती यायची.

मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांनी वेगळी वाट काढली. पोटाच्या उभ्या स्नायूवरच्या आवरणाच्या पट्ट्या सोडवून त्यांनी गर्भाशयाच्या मानेला पुढून बांधल्या. बाई खोकली की पोट आवळतं, आणि आवळलं की गर्भाशय वर ओढलं जातं. युक्ती सुरेख आहे! पोटाचे स्नायू दुबळे असतील तर तिचा उपयोग थोडा, पण ती शिकवायला सोपी. आणि माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास इथेच फिरतो: जे शिकवायला सोपं, ते लवकर पसरतं.

यात गैर काही नाही; तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला जमेल अशीच शस्त्रक्रिया हवी. पण ‘सोपी’ हा शब्द कोण वापरतं, तेही पाहावं लागतं. २००२ नंतर अमेरिकेत योनीमार्गे जाळी बसवण्याचे तयार संच बाजारात आले. सुया, जाळी, पायऱ्या, सगळं ठरलेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या अंदाजानुसार २०१० या एका वर्षात तिथे सुमारे ७५,००० बायकांना अशी जाळी बसवली गेली. काहींची जाळी मांसातून बाहेर आली, काहींना कायमच्या वेदना जडल्या. २०११ साली प्रशासनाने कडक इशारा दिला आणि एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावरच्या या जाळ्यांची विक्री थांबवली. (पोटातून बसवायची जाळी आणि लघवी निसटण्यावरची बारीक फीत या आदेशात नव्हत्या. ज्यांना ती बसवली आहे त्यांनी घाबरू नये, आपल्या डॉक्टरांशी बोलावं.)

आपल्याकडे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांना दर पाच वर्षांत ३० तासांचं निरंतर शिक्षण सांगितलं. नियम तास मोजतो. अशा सभांत मोठ्या पडद्यावर शस्त्रक्रिया थेट दाखवतात, हात लखलखीत दिसतात; पण ती बाई पाच वर्षांनी कशी आहे, ते त्या पडद्यावर नसतं.

आता गडचिरोलीकडे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांच्या शिक्षणात मी हा लेख कुठल्याही शस्त्रक्रियेच्या वर ठेवतो.

राहिला व्यायाम. १९४८ साली अमेरिकेत अर्नोल्ड केगेल यांनी तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम मांडला. आज तो पत्रकावर दोन ओळींत छापून हातात देतात. केगेल मात्र बाई नेमका तोच स्नायू आवळते आहे का, हे स्वतः तपासत, त्यासाठी दाब मोजणारं उपकरणही त्यांनी बनवलं होतं. कारण पुष्कळ जणी त्याऐवजी पोटच आवळतात, नाहीतर खाली जोर देतात. ते समजावायला वेळ द्यावा लागतो.

पुढच्या भागात शिरोडकरांचा तो टाका.