भरीव मँडोलिन आणि त्याची नावे : वादकांच्या प्रतिसादाचा एक इतिहास

एखादे नवे वाद्य वादकांच्या हाती आले म्हणजे त्याविषयीचा त्यांचा अभिप्राय दोन प्रकारे प्रकट होतो. ते त्याच्याविषयी काय बोलतात, हा एक प्रकार. आणि ते त्याला काय म्हणतात, हा दुसरा. पहिल्या प्रकारचा अभिप्राय बहुधा बैठकीबरोबरच विरून जातो. दुसरा मात्र भाषेत रुजतो आणि इतिहासाच्या अभ्यासकाला पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. विसाव्या शतकात प्रचारात आलेल्या भरीव अंगाच्या विद्युत् मँडोलिनचा विचार या दुसऱ्या पुराव्याच्या आधारे करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे वाद्य कारखान्यात घडविता येत असे, त्याला लाकूडकामाचे कसब कमी लागत असे, आणि म्हणून ते अल्प मोलात देता येण्याजोगे होते. असे असूनही सर्वत्र त्याचे सारखे स्वागत झाले नाही. ते का झाले नाही, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

प्रथम वाद्याचे पूर्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. 'मांदोला' या इटालियन शब्दाचे लघुत्ववाचक रूप म्हणजे 'मांदोलिनो'. तेव्हा मूळ नावात केवळ आकाराचा निर्देश आहे. अठराव्या शतकात नेपल्स येथे जे रूप स्थिरावले त्यात धातूच्या तारांच्या चार जोड्या असून त्या व्हायोलिनप्रमाणेच पंचमाच्या अंतराने लावलेल्या असतात. पोकळ अंग लहान, तारा आखूड, त्यामुळे छेडलेला स्वर लवकर मावळतो. तो टिकविण्यासाठी वादक नखीने जोडतारांवर जलद उलटसुलट आघात करतो. ऐकणाऱ्याच्या मनात मँडोलिन म्हणून जो थरथरता नाद घर करून असतो, तो वस्तुतः वाद्याच्या एका उणिवेवर शोधून काढलेला उपाय होय.

अमेरिकेत गिब्सन कंपनीने १९२२ मध्ये 'एफ-५' हा नमुना काढला. त्याच्या घडणीत लॉइड लोअर यांचा वाटा मोठा होता. व्हायोलिनप्रमाणे कोरून घडविलेली कमानदार तबकडी हे त्याचे वैशिष्ट्य. आणि या कोरीव कामामुळेच ते महाग होते. पुढे बिल मन्‌रो (१९११–१९९६) यांनी १९२३ साली घडविलेले असेच एक वाद्य हाती घेऊन 'ब्लूग्रास' संगीताची शैली सिद्ध केली, तेव्हा त्या शैलीपुरता मँडोलिनचा आदर्श कायमचा ठरून गेला.

याच सुमारास नृत्यगृहांत वाजणाऱ्या 'वेस्टर्न स्विंग' वाद्यवृंदांची गरज मात्र निराळी होती. बॉब विल्स यांच्या वृंदातील टायनी मूर (१९२०–१९८७) यांना गर्दीच्या कोलाहलात, ध्वनिवर्धकावर वाजणाऱ्या गिटारांच्या बरोबरीने एकेरी स्वरावली ऐकवावयाची होती. त्यांनी आपल्या विद्युत् मँडोलिनवर आठांऐवजी चारच तारा ठेवल्या. १९५२ मध्ये पॉल बिग्झबी या कारागिराने त्यांच्यासाठी भरीव लाकडाचे, पाच एकेरी तारांचे वाद्य बनविले. व्हायोलिनच्या चार स्वरांखाली आणखी एक खर्जाची तार त्यात होती. भरीव अंगात हवेची पोकळी नसल्यामुळे ध्वनिवर्धकाचा आवाज वाद्यात परत शिरून चीत्कार उठण्याचा धोका कमी होतो, आणि तारेचे कंपन अधिक काळ टिकते. अर्थात जोडतार आणि आघातांची थरथर या दोहोंची आवश्यकताच उरत नाही.

बिग्झबींचे वाद्य एका वादकासाठी हाताने घडविलेले होते. तीच कल्पना कारखान्यातून सर्वांसाठी पुरविण्याचा प्रयत्न फेंडर कंपनीने १९५६ मध्ये केला. भरीव फळी, तिला स्क्रूने जोडलेली मान आणि चार एकेरी तारा, अशी त्याची सुटसुटीत रचना होती. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जे कोरीव काम वगळल्यामुळे वाद्य स्वस्तात घडविता येते, तेच काम एफ-५च्या चाहत्यांच्या मते वाद्याचा प्राण होते. म्हणजे स्वस्ताई आणि बदललेला स्वरगुण यांचे मूळ एकच होते. एक घ्यावयाचे आणि दुसरे टाळावयाचे, अशी सोय वादकाला नव्हती.

कंपनीने या वाद्यास 'मँडोलिन'च म्हटले. वादकांत मात्र 'मँडोकास्टर' हे नाव रूढ झाले. या शब्दाची घडण उद्बोधक आहे. फेंडरच्या एका गिटारचे नाव १९५० मध्ये 'ब्रॉडकास्टर' असे होते. तिचेच पुढे 'टेलिकास्टर' झाले आणि १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर' आली. प्रक्षेपणवाचक शब्दाचा शेवटचा तुकडा अशा रीतीने फेंडरच्या भरीव गिटारांचा जणू कुलप्रत्यय बनला. तो प्रत्यय मँडोलिनला जोडून वादकांनी आपला निर्णय न बोलता देऊन टाकला : हे वाद्य नावाने मँडोलिन असले, तरी गोत्राने गिटार आहे.

ब्लूग्रास वादकांनी ते स्वीकारले नाही, याचे कारण निव्वळ सनातनीपणा नव्हे. त्या संगीतात मँडोलिनवादक दुर्बल मात्रेवर तारांवर तोडक आघात करून लगेच त्या दाबतो आणि तालवाद्याची उणीव भरून काढतो. या कामासाठी खणखणीत उठून तत्काळ मावळणारा नादच हवा असतो. लांबणारा स्वर तेथे गुण नसून दोष ठरतो. फेंडरचे हे वाद्य १९७६ मध्ये बंद झाले. पुढे एकविसाव्या शतकात कॅनडातील ईस्टवूड कंपनीने त्याच धर्तीचे स्वस्त वाद्य विक्रीस आणले, तेव्हा त्याला 'मँडोकास्टर' हेच नाव दिले. वादकांचे टोपणनाव अशा रीतीने विक्रेत्याचे अधिकृत नाव झाले.

ब्राझीलमधील बाईया प्रांतात ही कथा उलट क्रमाने घडली. साल्व्हादोर शहरातील दोदो आणि ओस्मार या दोघा हौशी वादकांपुढे १९४० नंतरच्या काही वर्षांत तोच चीत्काराचा प्रश्न होता. त्यांनी तारा सरळ भरीव लाकडावर ताणल्या आणि त्या साधनाला 'पाउ एलेत्रिको', म्हणजे 'विजेचा दांडका', असे नाव दिले. तारांची जुळणी मँडोलिनची, पण नावात मँडोलिनचा मागमूसही नाही. १९५०च्या कार्निव्हालमध्ये हे दोघे जुन्या फोर्ड मोटारीवर चढून वाजवीत निघाले आणि तेथील फिरत्या वाद्यवृंदांची प्रथा त्यातून जन्मली. पुढील पिढीत, ओस्मार यांचे पुत्र आर्मांदिन्यो यांच्या काळात, त्याच वाद्याला 'गितारा बाइयाना' हे नाव आणि पाचवी तार मिळाली. थट्टेच्या नावापासून प्रदेशाच्या अभिमानापर्यंतचा हा प्रवास होय. तेथे कोणत्याही पूर्वसिद्ध आदर्शाशी तुलना होण्याचा प्रसंगच आला नाही, कारण वाद्य आणि त्याचा उत्सव ही दोन्ही बरोबरच वाढली.

तिसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. आंध्रातील पालकोल्लू येथे १९६९ मध्ये जन्मलेल्या उ. श्रीनिवास यांनी बालवयातच मँडोलिन हाती घेतले. त्यांचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू यांना हे वाद्य वाजविता येत नव्हते. ते गाऊन दाखवीत आणि शिष्य ते तारांवर उतरवी. १९७८ मध्ये गुडिवाडा येथे व १९८१ मध्ये मद्रासला त्यांचे वादन झाले, तेव्हा पडद्यांच्या आणि क्षणजीवी नादाच्या या परकीय वाद्यावर कर्नाटक संगीतातील गमक कसे निघणार, ही शंका जाणकारांनी घेतली. ती गैरवाजवी नव्हती. जोडतारांच्या पोकळ मँडोलिनवर ती बहुतांशी खरीच ठरली असती. श्रीनिवास यांनी पाच एकेरी तारांचे विद्युत् वाद्य वापरले आणि टिकणाऱ्या स्वरात मींड व आंदोलन साधले. त्यांची कीर्ती 'मँडोलिन श्रीनिवास' या नावाने झाली. 'वीणा धनम्माळ' या नावाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या प्रयोगाचे महत्त्व सांगावयास नको. दक्षिणेत वाद्याचे नाव वादकाच्या नावामागे लागते, तेव्हा त्या वाद्याला पंक्तीत पाट मिळालेला असतो. २०१४ मध्ये श्रीनिवास यांचे अकाली निधन झाले, तोपर्यंत मूळ शंकेचे स्मरणही पुसट झाले होते.

मराठी वाचकास येथे हार्मोनियमची आठवण होणे स्वाभाविक आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये त्या वाद्यावर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये सैल होऊ लागली. परंतु नाटकमंडळ्यांनी आणि भजनकऱ्यांनी त्याला केव्हाच 'पेटी' म्हणून घरात घेतले होते, तर 'संवादिनी' हे संस्कृत नाव देऊन त्याला प्रतिष्ठेच्या आसनावर बसविण्याचाही यत्न झाला. परकीय नाव, घरगुती नाव आणि गौरवाचे नाव ही तिन्ही एकाच वाद्यास चिकटलेली असणे, हीच त्याच्या वादग्रस्त स्वीकाराची साक्ष आहे.

या तीन उदाहरणांवरून एक मर्यादित निष्कर्ष काढता येईल. अल्प किंमत वाद्याला वादकाच्या दारापर्यंत नेते. आत घ्यावयाचे की नाही हे त्या संगीताची गरज ठरविते. भरीव मँडोलिनने जोडतार, पोकळी आणि थरथर या तिन्हींचा त्याग केला. ज्या संगीताला यांपैकी एखादी गोष्ट अपरिहार्य होती, त्याने ते नाकारले. ज्याला त्या अडचणीच्या होत्या, त्याने ते आपलेसे केले. तेव्हा 'हे खरे मँडोलिन आहे काय?' हा वाद वाद्याच्या घडणीवरून सुटणार नाही. शब्दाचा अर्थ जसा वापरात ठरतो, तसेच वाद्याचेही आहे. नव्या स्वस्त वाद्याविषयी तज्ज्ञांचा कौल घाईने अंतिम मानू नये, आणि तो पूर्वग्रह म्हणून झिडकारूही नये. त्या कौलामागे कोणत्या संगीताची कोणती गरज उभी आहे हे आधी पाहावे. आणि वादक त्या वाद्याला कोणत्या नावाने हाक मारतात, इकडे कान द्यावा.