पाहुण्यांची पादत्राणे : नियम आणि त्याची मर्यादा

पाहुण्यांना चपला-बूट दाराशी काढायला सांगावे काय? महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले आहे. परंतु या उत्तरामागे स्वच्छता, पावित्र्य आणि मान अशी तीन निराळी कारणे आहेत. ती वेगळी करून तपासली, तरच नियम कुठवर योग्य हे कळेल.

स्वच्छतेचे कारण सर्वांत भक्कम. शेणाने सारवलेल्या जमिनीवर माणसे बसत, जेवत आणि तिथेच अंथरूण घालत. आज सोफा आणि टेबल आले, तरी भाजी निवडणे, पापड लाटणे, मुलाचे रांगणे जमिनीवरच चालते. रस्त्यावरची थुंकी, विष्ठा आणि पावसाळ्यातला चिखल तळव्याला चिकटून तिथे येऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र उघड्या चपलेतून आलेला पायही धुळीने माखलेलाच असतो. म्हणूनच पूर्वी पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी मिळे. फ्लॅटमध्ये ते पाणी गेले आणि अर्धाच नियम उरला. ओले पायपुसणे ठेवले किंवा मोरी दाखवली, तरी तो पुरा होतो.

पावित्र्याचा विचार देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यापुरता असतो. तो यजमानाच्या श्रद्धेचा भाग आहे. पाहुण्याने तो पाळावा. त्यावर वाद घालू नये.

खरी अडचण तिसऱ्या कारणाची. आपल्याकडे अनवाणी होणे हे दुय्यमपणाचेही चिन्ह होते. कित्येक गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून वहाणा हातात घेऊन जावे लागे. इंग्रजी अमलात देशी जोडे घालून साहेबापुढे जाता येत नसे, विलायती बुटांना सवलत मिळे. हा इतिहास लक्षात घेतला, तर एक कसोटी हाती येते: नियम सर्वांना सारखा आहे काय? घरी आलेल्या डॉक्टरांना किंवा मोठ्या अधिकाऱ्याला ‘असू द्या, असू द्या’ म्हणायचे आणि खांद्यावर सिलिंडर घेऊन जिना चढून आलेल्या माणसाला ‘चपला बाहेर’ म्हणून बजावायचे, ही स्वच्छता नव्हे. चिखल हुद्दा पाहत नाही. अशा घरात नियमाच्या नावाखाली माणसाची पायरी ठरवली जाते, आणि ती प्रथा मोडलीच पाहिजे.

समान नियमालाही अपवाद लागतात, आणि ते शरीराच्या गरजेतून यावेत. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. टाचणी रुतली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून अशा रुग्णांना घरातही अनवाणी फिरू नका असे डॉक्टर सांगतात. त्यांच्यासाठी घरात वापरायच्या स्वच्छ सपाता ठेवाव्यात, किंवा त्यांची पादत्राणे पुसून चालवून घ्यावीत. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना दाराशी खुर्ची हवी. काढलेल्या चपलांची जागाही घरातच असावी. जिना आणि पॅसेज आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटा आहेत.

तेव्हा पाहुण्यांना जरूर सांगावे, पण दारातच आणि घरच्यांनी स्वतः पाळूनच. विजेच्या दुरुस्तीला आलेल्या माणसाला मात्र बूट काढायला कधीही सांगू नये. कोरडे रबरी तळवे त्याला विजेच्या धक्क्यापासून वाचवू शकतात.