कठीण लाकडाची जमीन

ओक, मॅपल, बीच, साग यांसारख्या रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडाच्या फळ्या, पट्ट्या किंवा ठोकळे कड्यांवर अथवा सपाट तळावर बसवून केलेली घरातील जमीन. ‘कठीण’ ही संज्ञा येथे वनस्पतिशास्त्रीय आहे. त्यामुळे बोटाने दबणारे बाल्साचे लाकूड कठीण गटात मोडते, तर यू या शंकुमंत वृक्षाचे कणखर लाकूड मृदू गटात. जमिनीसाठी अर्थात घन व झिजेला टिकणारे लाकूडच निवडतात. अशा जमिनीचा इतिहास पुष्कळदा राजवाड्यांच्या वैभवाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. सुताराच्या दृष्टीने मात्र तो मुख्यतः एका अडचणीचा इतिहास आहे. कापून वाळविलेले लाकूडही हवेतील ओलावा घेते व सोडते आणि त्याबरोबर फुगते व आकसते.

ही हालचाल सर्व दिशांना सारखी नसते. लांबीच्या दिशेने ती नगण्य असते. वाढीच्या वलयांना स्पर्शीय दिशेने ती अरीय दिशेच्या जवळजवळ दुप्पट असते. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत अमेरिकन तांबडा ओक स्पर्शीय दिशेने ८·६ टक्के व अरीय दिशेने ४ टक्के आकसतो. सागाच्या बाबतीत हेच आकडे ५·८ व २·५ असे आहेत. पाच मीटर रुंदीच्या खोलीत स्पर्शीय कापाच्या ओकच्या पट्ट्या घट्ट बसविल्या आणि त्यांतील जलांश ६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला, तर हिशेबाने जमीन ५ सेंमी. हून अधिक रुंद व्हावयास पाहते. खिळ्यांची पकड व पट्ट्यांमधील बारीक फटी यांमुळे प्रत्यक्षात वाढ कमी होते. परंतु तिला कोठेच वाव ठेवला नाही, तर जमीन मधोमध उचलली जाते.

यूरोपातील जुन्या घरांत रुंद फळ्या कड्यांवर ठोकून जमीन करीत. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवून एक माणूस वर व दुसरा खड्ड्यात उभा राहून करवत ओढी. अशा फळीची जाडी सर्वत्र सारखी नसे. म्हणून सुतार तिची वरची बाजू रंधून सपाट करी आणि खालची बाजू जेथे कडीवर टेकावयाची तेवढ्याच ठिकाणी तासून घेई. बाकीचा भाग खडबडीतच राही. फळ्या रुंद असल्याने हिवाळ्यात त्यांच्यामध्ये मोठ्या फटी पडत. उत्तर अमेरिकेतील वसाहतींत पाइनसारखे मऊ लाकूड विपुल होते व घरोघर त्याच्याच रुंद फळ्या वापरीत.

फटींच्या प्रश्नावर फ्रान्समधील सुतारांनी काढलेला तोडगा अधिक कल्पक होता. व्हर्साय येथील राजवाड्यात वरच्या मजल्यांवरील संगमरवरी फरशी वरचेवर धुवावी लागे व झिरपणाऱ्या पाण्याने तिच्याखालील तुळया कुजत. तेथे १६८४ पासून ओकच्या चौकटबंद जमिनी बसविण्यात आल्या. सु. एक मीटर बाजूच्या चौकोनी चौकटीत तिरप्या पट्ट्या एकमेकींत गुंफून त्या कुसू व खोबणी यांच्या सांध्यांनी जोडीत आणि लाकडी खुंट्या ठोकून पक्क्या करीत. सबंध रुंदीची हालचाल अशा रीतीने लहान तुकड्यांत वाटली जाई व प्रत्येक सांधा तिचा थोडासा भाग सोशी. ‘व्हर्साय पार्के’ या नावाने हा नमुना आजही ओळखला जातो. त्याचे सौंदर्य नजरेत भरते खरे, पण त्यामागे ओलाव्याशी केलेली तडजोड आहे. मात्र तिला लागणारी मजुरी सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरची होती.

ही मजुरी यंत्राने कमी केली. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथम यांनी १७९१ व १७९३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांची एकस्वे घेतली होती. व्यापारी दृष्ट्या निर्णायक ठरले ते अमेरिकेतील विल्यम वुडवर्थ यांचे २७ डिसेंबर १८२८ रोजीचे एकस्व. त्यांच्या यंत्रात फिरती पाती व फळी दाबून पुढे सरकविणारे रूळ होते. रंधणे, एका कडेस जीभ काढणे व दुसऱ्या कडेस खाच पाडणे ही कामे त्यात एकत्र होत. या एकस्वाची मुदत १८४२ मध्ये व पुढे १८४५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या खास कायद्याने वाढविण्यात आली आणि ते १८५६ पर्यंत टिकले. दरम्यान त्यावरून असंख्य खटले झाले; त्यांतील एक १८४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. घराच्या जमिनीसारख्या साध्या वस्तूवर पाव शतकाहून अधिक काळ मक्तेदारी चालावी, हे एकस्वांच्या इतिहासातील एक बोलके उदाहरण आहे.

मक्तेदारी संपल्यावर, तसेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पट्टीच्या टोकांनाही जीभ व खाच पाडणारी यंत्रे आल्यावर, कठीण लाकडाची अरुंद पट्टी मध्यमवर्गीय घरात पोहोचली. १८९७ मध्ये मॅपलच्या जमिनी तयार करणाऱ्यांची संघटना अमेरिकेत स्थापन झाली. भट्टीत वाळविलेली, १९ मिमी. जाड व ५७ मिमी. रुंद ओकची पट्टी तेथे जणू प्रमाणच बनली. तिच्या बसवणीत जुन्या अडचणीची दखल पुरेपूर घेतलेली दिसते. खिळा जिभेच्या वरच्या कोपऱ्यातून सु. ४५ अंशांत मारतात. पुढच्या पट्टीची खाच त्याला झाकून टाकते. प्रत्येक पट्टी अशा रीतीने एकाच कडेने जखडली जाते आणि दुसऱ्या कडेस तिला हालण्यास जागा उरते. भिंतीलगत पट्टीच्या जाडीइतकी फट सोडून ती लाकडी पट्टीने झाकतात.

पृष्ठभागास पूर्वी मेण, जवसाचे तेल व लाखेपासून बनविलेले शेलॅक लावीत. लाख हा प्रामुख्याने भारतातून निर्यात होणारा माल असल्याने अमेरिकन दिवाणखान्याच्या चकाकीत छोटा नागपूरच्या जंगलांचाही वाटा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलियुरेथेन रोगणांनी शेलॅकची जागा घेतली.

महाराष्ट्रात लाकूडकामाची परंपरा संपन्न असूनही उघडी लाकडी जमीन फारशी रुजली नाही. तळमजल्यावर वाळवी व पावसाळी ओल यांमुळे सारवलेली किंवा फरसबंद जमीनच सोयीची होती. वाड्यांच्या वरच्या मजल्यांना कडीपाट असे. परंतु पाटांवर मातीचा थर देऊन ती सारवीत असल्याने तेथे फळी ही खालच्या दालनाचे छत म्हणून दिसे, पायाखाली येत नसे. माळ्यावर मात्र फळ्या उघड्या असत. गोव्यातील पोर्तुगीजकालीन दुमजली घरांत वरच्या मजल्यावर फळ्यांची जमीन आढळते.

फळी हलणार हे गृहीत धरण्याऐवजी तिला हलूच न देण्याचा मार्ग स्वीडनमधील गुस्ताफ केर यांनी १९४१ मध्ये एकस्वाद्वारे नोंदविला. त्यांच्या पट्टीत थरांचे तंतू परस्परांना काटकोनात असतात व एक थर दुसऱ्याच्या फुगण्यास आवर घालतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस एकमेकींत अडकणाऱ्या कडा प्रचारात आल्या. तेव्हापासून खिळे व सरस यांवाचून तरंगती जमीन घरमालक स्वतःही बसवू लागला. अखंड पट्टी थरांच्या पट्टीपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या अधिक टिकते, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. १९ मिमी. जाडीपैकी घासून पुन्हा नवी करण्याजोगा भाग जिभेच्या वरचा, म्हणजे सु. ६ मिमी. एवढाच असतो, थरांच्या चांगल्या पट्टीचा वरचा थर ४ ते ६ मिमी. असू शकतो. स्वस्त प्रकारांतील कागदासारखा पातळ थर मात्र एकदाही घासणे सोसत नाही. घासताना निघणारा भुसा आरोग्यास अपायकारक असतो व लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक द्रव्यांत केला जातो. म्हणून हे काम मुखपट्टी लावूनच करावे लागते.

घरी बसविलेल्या जमिनी झिजून वाया जाण्यापेक्षा घाईने वाया जातात. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असता लाकडात सु. ६ टक्के जलांश स्थिरावतो, ८५ टक्के असता तो १७–१८ टक्क्यांवर जातो. देशावरील उन्हाळा व त्यामागोमाग येणारा पावसाळा यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून पट्ट्या बसविण्यापूर्वी काही दिवस त्याच खोलीत मोकळ्या ठेवतात आणि त्यांचा व तळाचा जलांश मोजून पाहतात. नव्या काँक्रीटच्या लादीतील पाणी निघून जाण्यास आठवडेच काय, पुष्कळदा महिने लागतात. वरून कोरडी दिसणारी लादी आतून ओली असू शकते. अशा लादीवर ओलरोधक पत्रा न अंथरता पट्ट्या बसविल्यास त्यांची खालची बाजू फुगते, कडा वर येतात व प्रत्येक पट्टी पन्हळीसारखी दिसू लागते. ती लगेच घासून सपाट केली, तर पुढे लाकूड वाळल्यावर कडा खाली जातात आणि पट्टीचा मधला भाग उंच राहतो.