परदेशी पैसा आणि इथले हात : क्षय व एचआयव्ही नियंत्रणाचा भारतीय इतिहास

१९४६ साली आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा अखंड हिंदुस्थानात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण असावेत आणि दरसाल ५ लाखांच्या आसपास माणसे या रोगाने दगावत असावीत, असा त्यातला अंदाज होता. त्यांच्यासाठी खाटा होत्या जेमतेम ६ हजार. क्षयावर उपचार म्हणजे आरोग्यधाम, अशी त्या काळची वैद्यकीय समजूत होती. मिरजेजवळ, मदनपल्लीला किंवा तांबरमला, मोकळ्या हवेत वर्ष-दोन वर्षे विश्रांती घ्यायची, दूध-अंड्यांवर वजन वाढवायचे. हा उपचार परवडणारे थोडे होते आणि सगळ्यांना पुरतील इतक्या खाटा बांधणे नव्या सरकारला शक्य नव्हते, कोणत्याही देणगीदारालाही नव्हते.

बाहेरची पहिली मोठी मदत आली ती बीसीजी या क्षयप्रतिबंधक लसीसाठी. १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडीला लसनिर्मितीची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९५१ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने देशभर लसीकरणाची मोहीम निघाली. पथके गावोगाव फिरली, लाखो मुलांना टोचले गेले. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ही लस आळा घालत नाही, हे पुढे चेंगलपट्टूच्या मोठ्या चाचणीत दिसून आले. मात्र देशातच लस तयार करण्याची सोय मागे राहिली आणि तान्ह्या बाळांच्या लसीकरणाला ती उपयोगी पडली.

खरा बदल घडला तो मद्रासमध्ये. १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून तिथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र काढले. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे पहिले प्रमुख. शहरातल्या गरीब वस्त्यांतले रुग्ण घेऊन त्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरीच. औषधे दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर.

घरच्या गटाची स्थिती बिकट होती. एका खोलीत पाच-सहा माणसे, अपुरे अन्न, बरे वाटू लागताच कामावर जाण्याची घाई. पासच्या गोळ्या मोठ्या, रोज पुष्कळ घ्यायच्या आणि पोटात मळमळणाऱ्या. त्या टाळण्याकडे रुग्णाचा कल असणे स्वाभाविकच होते. म्हणून केंद्रातल्या आरोग्यसेविका न कळवता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीचा नमुना घेत. औषध पोटात गेले आहे की नाही, हे त्यातून कळे. घरात कोण आजारी आहे, नवऱ्याचे काम सुटले आहे का, सासू औषध घेऊ देते का, याचीही त्यांना माहिती असे. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरी औषध घेणारे आरोग्यधामातल्यांच्या बरोबरीने बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. या एका चाचणीने जगभरच्या क्षयरोग आरोग्यधामांचा पाया ढासळला. तिला लागलेला परदेशी पैसा त्या मानाने किरकोळ होता, आणि यशाचा मोठा वाटा तमिळ बोलणाऱ्या त्या आरोग्यसेविकांचा होता.

त्याच सुमारास बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली. १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, युनिसेफने उपकरणे. त्या तज्ज्ञांतले हाफडान माहलर पुढे त्या संघटनेचे महासंचालक झाले. संस्थेचे सर्वांत मोलाचे काम मात्र समाजशास्त्रज्ञांनी केले. डॉ. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा एक वेगळीच गोष्ट पुढे आली. खेडुतांना आजाराची जाण नसते, हे सरकारी गृहीतक खोटे ठरले. क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वतःहून सरकारी दवाखान्यात गेले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत आले होते. रुग्ण दारात आला होता, दवाखान्याला तो ओळखता आला नव्हता.

यातूनच १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम निघाला. वेगळी क्षयपथके नेमायची नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात एक केंद्र ठेवायचे आणि आहे त्याच दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना थुंकीची तपासणी व औषधवाटप शिकवायचे. कल्पना उत्तम होती, पण पैसा अपुरा पडला. औषधे मधूनमधून संपत, शिकवलेला तंत्रज्ञ बदली होऊन जाई. स्वीडनच्या सीडा या संस्थेने औषधे आणि यंत्रे पुरवली, तरी कागदावरची योजना गावात पोहोचली नाही. लोक खासगी डॉक्टरांकडे वळले. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपळेकर यांचा मुंबईतला अभ्यास प्रसिद्ध झाला : १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी मिळून ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहून दिल्या होत्या. औषधांना दाद न देणारा क्षय मुंबईत नंतर इतका का फोफावला, याची एक खूण इथेच सापडते.

१९९२ मध्ये सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि सीडा यांनी एकत्र आढावा घेतला. उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी निघाले. पुढच्याच वर्षी मुंबई, दिल्ली आणि मेहसाण्यासह काही ठिकाणी सुधारित कार्यक्रमाची सुरुवात झाली आणि १९९७ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी सुमारे १४ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. हे अनुदान नव्हते. सवलतीचे असले तरी कर्ज होते. म्हणूनच त्याचा खर्च कशावर झाला, हे महत्त्वाचे ठरते.

तो मुख्यतः साध्या गोष्टींवर झाला. दर १ लाख लोकसंख्येमागे एक सूक्ष्मदर्शक केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात ५० हजारांमागे एक. त्यावर दोन डोळ्यांनी पाहायचा सूक्ष्मदर्शक, रंगद्रव्ये आणि शिकलेला तंत्रज्ञ. सर्वांत चांगली युक्ती होती औषधाच्या खोक्याची. रुग्णाची नोंद झाली की त्याच्या नावाचे खोके बाजूला काढले जाई. त्यात सहा-आठ महिन्यांचा संपूर्ण कोर्स पहिल्या दिवसापासून भरलेला असे. दवाखान्यातला साठा संपला तरी त्या रुग्णाचे औषध संपत नसे. डोस कोणाच्या तरी समोर घ्यायचा, पण त्यासाठी रोज दवाखान्यात यायची सक्ती नव्हती. अंगणवाडी सेविका, पोस्टमन, किराणा दुकानदार, कोणीही विश्वासू माणूस डोस देणारा होऊ शकत असे. वस्तीतल्या माणसाला ही जबाबदारी देणे हा या कार्यक्रमातला मद्रासचा वारसा. मार्च २००६ पर्यंत सारा देश त्याखाली आला. तोवर ब्रिटन, डेन्मार्क, अमेरिका आणि २००२ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेला ग्लोबल फंड यांचाही पैसा वेगवेगळ्या राज्यांत येत होता.

एचआयव्हीची गोष्ट उशिरा सुरू झाली, पण वेगाने पुढे गेली. १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातली पहिली लागण शोधली. १९९२ साली जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जावर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, काम करू लागली. पैसा दिल्लीहून राज्यांच्या कोषागारात जाई आणि तिथेच अडके. तमिळनाडूने १९९४ मध्ये यावर तोडगा काढला : एक नोंदणीकृत सोसायटी काढून निधी थेट तिच्याकडे वळवला. एड्स नियंत्रणाच्या दुसऱ्या टप्प्यात नाकोने हीच पद्धत सर्व राज्यांत नेली. मुंबईसाठी तर १९९८ मध्ये स्वतंत्र सोसायटी झाली. निधी वेळेवर खर्च करता येणे हीही एक क्षमताच, आणि ती उभारायला वर्षे लागली.

सांगलीत १९९२ पासून संग्राम ही संस्था वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये काम करू लागली. निरोध वाटणाऱ्या आणि समजावून सांगणाऱ्या त्याच स्त्रिया होत्या. १९९६ मध्ये त्यांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन केली. अमेरिकेने २००३ च्या कायद्यात वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे लेखी वचन मागितले, तेव्हा संग्रामने अमेरिकी निधी परत केला. ज्यांच्या भरवशावर काम उभे होते, त्याच स्त्रियांविरुद्ध सही करणे शक्य नव्हते. हा निर्णय योग्यच होता. गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ने २००३ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत याच प्रकारचे काम मोठ्या प्रमाणावर केले आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने सरकारच्या स्वाधीन केले.

औषधांची वाट मुंबईतून निघाली. वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक खर्चाचा तीन औषधांचा उपचार २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी ३५० डॉलरला देऊ केला. पुढे अमेरिकेच्या पेपफार योजनेतून आफ्रिकेत गेलेली बहुतांश औषधे भारतीय कारखान्यांची होती. भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, सुरू झाली. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. एचआयव्ही झालेल्यांचा सर्वाधिक बळी क्षय घेतो, म्हणून २००१ पासून सहा राज्यांत दोन्ही कार्यक्रमांची सांगड घालण्यात आली. पुढे क्षयाच्या रुग्णाची एचआयव्ही तपासणी आणि एआरटी केंद्रात खोकल्याची चौकशी होऊ लागली.

२०२१ ते २०२६ या काळासाठी एड्स नियंत्रणाच्या पाचव्या टप्प्याला १५ हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद झाली आणि ती केंद्र सरकारच्याच निधीतून. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली, तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक देशांत दवाखान्यांची कामे खोळंबली. भारतातली सरकारी एआरटी केंद्रे चालू राहिली. सर्वस्वी अमेरिकी पैशावर चालणारी ‘मित्र’ ही तृतीयपंथीयांची तीन क्लिनिके मात्र बंद पडली : हैदराबादचे, कल्याणचे आणि पुण्याचे. हैदराबादचे क्लिनिक पुढे टाटा ट्रस्टच्या मदतीने नव्या नावाने उघडले.