सूर मागे राहिले, अभिनय गेला : नटवर्य गणपतराव बोडस

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळाचे स्मरण झाले की प्रथम कानी येते ते गाणे. बालगंधर्वांचा, केशवराव भोसल्यांचा, आपल्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचा आवाज ध्वनिमुद्रिकांनी जतन केला. गोमंतकापासून थेट निजामी राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यापर्यंत (राजुरा व किनवट हे मराठी तालुके १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते) जेथे जेथे मराठी घर आणि एखादे ग्रामोफोनचे यंत्र होते, तेथे हे सूर पोचू शकले. परंतु ज्या नटाची कीर्ती गाण्यावर उभी नव्हती, त्याचे काय उरले? गणपतराव बोडस यांच्याविषयी लिहिताना हा प्रश्न टाळता येत नाही. त्यांचा अभिनय ज्यांनी पाहिला ती पिढी आता नाही. उरल्या आहेत त्या त्यांच्या भूमिका, त्यांचे आत्मचरित्र आणि जाणत्यांनी दिलेली पसंतीची पावती.

गणपतरावांचा जन्म १८८० चा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा पाया घातला तोही याच वर्षी, हा योगायोग मोठा गमतीचा. तरुण वयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि गोविंद बल्लाळ देवल यांच्या तालमीत घडले. देवल हे नाटककार म्हणून सर्वश्रुत आहेत. पण नटाला वाक्य कोठे तोडावे, कोठे थांबावे, दुसरा बोलत असताना आपण काय करावे हे शिकवणारे तालीममास्तर म्हणून त्यांची योग्यता तितकीच मोठी होती. गाणाऱ्यांच्या कंपनीत केवळ बोलण्याच्या बळावर उभे राहावयाचे म्हणजे असा गुरू लाभावाच लागतो.

१९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. त्यातील लक्ष्मीधर म्हणजे दागिन्यांनी मढलेला, तोंडाने शूर आणि अंतःकरणाने भित्रा असा श्रीमंत. पदांमागून पदे रंगत असताना प्रेक्षक या लक्ष्मीधराचीही वाट पाहत असत. 'मृच्छकटिका'तील शकार ही त्यांची दुसरी गाजलेली भूमिका. ती वरकरणी विनोदी वाटते, पण राजाचा हा मूर्ख मेहुणा वसंतसेनेचा गळा आवळण्यापर्यंत जातो. केवळ हसे पिकवणारा नट तेथे फसतो, आणि केवळ दुष्टपणा दाखवणाराही फसतो. मूर्खपणातूनच क्रौर्य उमलताना दिसले पाहिजे.

१९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या फुटीची बरीवाईट चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे नको. गणपतरावांच्या दोन सर्वश्रेष्ठ भूमिका मात्र याच कंपनीत, अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने झाल्या.

पहिली १९१६ च्या 'संशयकल्लोळा'तील फाल्गुनरावाची. या नाटकाचे मूळ मोलियेरच्या 'स्गानारेल' या १६६० च्या प्रहसनात. आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या हातून ते देवलांपर्यंत आले आणि येथे पोचताच असे मराठी झाले की परकेपणाचा वासही उरला नाही. फाल्गुनराव हा उतारवयाचा, संशयी नवरा. बायकोच्या, कृत्तिकेच्या, हाती परपुरुषाची तसबीर दिसते आणि त्याच्या डोक्यात संशयाचे भूत शिरते. ही भूमिका आरडाओरडा करून हास्यास्पद करणे सोपे आहे. तिचे खरे मर्म असे की फाल्गुनराव स्वतः मुळीच विनोद करीत नाही. तो मनापासून दुःखी असतो, आणि म्हणूनच प्रेक्षक हसतात.

दुसरी भूमिका सुधाकराची. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्यानंतर महिन्याभरातच बडोद्यास 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतरावांचा. बुद्धिमान, मानी वकील; अपमान सहन होत नाही म्हणून पहिला पेला घेतो आणि शेवटी स्वतःच्या मुलाचाही घात करतो. गडकऱ्यांची भाषा अलंकारांनी जड आहे. ती नुसती पाठ म्हणणारा नट वक्ता ठरतो, सुधाकर होत नाही. शिवाय समोर बालगंधर्वांची सिंधू, जिच्या एका सुराने सारे सभागृह हेलावे. अशा ठिकाणी प्रेक्षकांची सहानुभूती सर्वस्वी पत्नीकडे जाऊन नवरा निव्वळ खलपुरुष उरण्याचा धोका असतो. तसे होऊ न देता सुधाकराचा ऱ्हास पायरीपायरीने उभा करणे हीच खरी कसोटी होती. टीकाकारांनी ही भूमिका गणपतरावांच्या कर्तृत्वाचा कळस मानली ती उगाच नव्हे. फाल्गुनराव आणि सुधाकर, दोघेही आपल्या हातांनी घराचा नाश ओढवू पाहणारे; एकाने हसवावे, दुसऱ्याने रडवावे, आणि दोन्ही एकाच नटाने करावे, ही अष्टपैलुत्वाची याहून वेगळी साक्ष कोणती?

गंधर्व मंडळीतून ते पुढे बाहेर पडले. १९४० साली 'माझी भूमिका' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. संगीत नाटक अकादमीने १९५६ साली अभिनयासाठी त्यांचा गौरव केला. आदल्याच वर्षी तो मान बालगंधर्वांस मिळाला होता. सिंधू आणि सुधाकर पुन्हा एकदा लागोपाठ उभे राहिले. डिसेंबर १९६५ मध्ये गणपतराव कालवश झाले.

गोमंतकात देवळांच्या उत्सवांतून ही नाटके हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे केली. पेटी-तबल्याची जुळणी, गाणाऱ्या नटांची मिनतवारी यांत सारा वेळ जाई, आणि फाल्गुनराव बहुधा गावातल्या एखाद्या गळा नसलेल्या गृहस्थाच्या वाट्यास येई. पण मंडपात बसलेल्या महाजन मंडळींना पहाटेपर्यंत जागे ठेवण्याचे काम त्याच्याकडेच असे. तसबीर हाती घेऊन तो नुसता प्रेक्षकांकडे वळला की पहिला हशा येई, तोंडातून शब्द निघण्याच्या आधीच.