गारा, माळवद आणि पत्रा

गारपीट झाली की पहिली बातमी तासगाव-मिरजेच्या द्राक्षाची. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्येही तेच. बागेचा पंचनामा हवाच हो, पण घराच्या छपराचं कोण विचारतं?

माण, खटाव, आटपाडी, जतकडं जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गार केवढीही पडू दे, मातीत रुतणार. (पाऊस कमी, म्हणून हे छप्पर टिकायचं.) मग मंगलोरी कौल आलं. बासेल मिशनने 1865 ला मंगळूरला कारखाना काढला, तिथून ते सगळीकडं पसरलं. पावसाला उत्तम, गारेला कच्चं. एक फुटलं की घरात धार.

पण मातीचं ओझंही जीवघेणंच. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेत दगडमातीची घरं कोसळली, 1993 ला किल्लारीत तर माळवदाखालीच माणसं गाडली गेली. आता सगळ्यांना हलका पत्रा हवा. लोखंडी पत्र्याला पोचे येतात, सिमेंटचा तडकतो, आणि वळवाचं वारं सैल हूक शोधतंच.

भरपाईची मेख वेगळीच. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी 6,500, कच्च्यासाठी 4,000 रुपये. तेही किमान 15 टक्के नुकसान असेल तरच. नुसती दहा-वीस कौलं फुटली तर त्यात बसणं अवघड. पावसाळा मात्र त्याच भोकांतून आत येणार.

म्हणून गारा थांबल्या की आधी फोटो काढा, तलाठ्याला कळवा, मग दुरुस्ती. जुना सिमेंट पत्रा फुटला असेल तर कोरडा झाडू नका, पाणी मारून उचला. त्यात ॲस्बेस्टॉस असतं.